उपाशी पोटी रक्तदान नको
(रत्नागिरी येथे मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्यातल्या कातकरी वाड्यांवर बाळंतपणात रक्ताची गरज पडते तेव्हा नातेवाईक धावत येतात. पण पुष्कळदा कोणाचे वजन 45 किलो भरत नाही, कोणाचे हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली असते. इच्छा असून ते परत फिरतात. ते रक्त आपल्याकडून गेले पाहिजे.

वय 18 ते 65 असावे. पहिल्यांदाच देणाऱ्याचे 60 च्या आत. दोन रक्तदानांत पुरुषांनी 90 दिवसांचे, स्त्रियांनी 120 दिवसांचे अंतर ठेवावे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वर्षभर रक्त देऊ नये. हिवताप बरा झाल्यावर तीन महिने, गोंदवून घेतल्यावर एक वर्ष थांबावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी देऊ नये. डॉक्टरांपासून काही लपवू नका. रक्ताची तपासणी होते, पण नुकताच झालेला संसर्ग तीत कधी कधी सापडत नाही.

लेंटच्या दिवसांत काही जण उपवास धरून रक्तदानाला येतात. भावना चांगली, पण चक्कर येते. उपाशी माणसाचे रक्त घेऊ नये, असा नियमच आहे. आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या. सकाळी पेज, भाकरी खाऊन, भरपूर पाणी पिऊन या. दारू अजिबात नको. हिमोग्लोबिन कमी भरले तर खंत करू नका, डॉक्टरांना दाखवा. नाचणी, कुळीथ, शेवग्याचा पाला खा, आणि जेवणाबरोबर चहा टाळा, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते.

चांगल्या शोमरोन्याजवळ तेल होते, द्राक्षारस होता, जनावर होते, पैसे होते. नुसता कळवळा असता तर तो जखमी माणूस उतारशाळेपर्यंत पोहोचला नसता. दया करायची तर तयारी लागते.

आणखी एक. तांबड्या पेशी 35 ते 42 दिवसच टिकतात. नाताळात दिलेले रक्त ईस्टरपर्यंत राहत नाही. मे महिन्यात कॉलेजे बंद असतात, शिबिरे कमी होतात आणि साठा घटतो. त्याच वेळी आपले चाकरमानी गावी येतात, त्यांनाही सांगा.

सभा संपल्यावर चिटणीसांकडे नाव, रक्तगट आणि मागच्या रक्तदानाची तारीख लिहून द्या. सगळ्यांनी एकाच दिवशी देण्यापेक्षा वर्षभर पाळीपाळीने देऊ.