मुष्टियुद्धातील प्रहारशक्ती : उपजत की अभ्यासजन्य?

(पांढुर्णा–सौंसर परिसरातील शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



शाळेच्या मैदानावर खेळाडूंची निवड होत असताना एक वाक्य सहज उच्चारले जाते : "त्याच्या अंगातच ते नाही." उच्चारणारा ते विसरून जातो, ऐकणारा मुलगा मात्र पुन्हा मैदानाकडे फिरकत नाही. अंगात काय असते आणि अंगी काय बाणवता येते, याचा विचार मुष्टियुद्धाच्या उदाहरणाने करणे सोयीचे आहे. ठोशाचे बळ ही जन्मजात देणगीच होय, हा समज या खेळाच्या जाणकारांतही दृढ आहे.

हा समज अगदीच निराधार नाही. स्नायूंमध्ये जलद आकुंचन पावणारे आणि मंद आकुंचन पावणारे असे दोन प्रकारचे तंतू असतात. त्यांचे प्रमाण बऱ्याच अंशी जन्मतःच ठरते. उंची, हातांची लांबी, हाडापेराची ठेवण ही तर आईबापांकडून येते. माणसामाणसांच्या स्नायुबळात जो फरक आढळतो, त्याचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असल्याचे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. अमेरिकेचा डिऑन्टे वाइल्डर वयाच्या विसाव्या वर्षी मुष्टियुद्धाकडे वळला. 2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक मिळविले आणि पुढे व्यावसायिक झाल्यावर पहिल्या 32 प्रतिस्पर्ध्यांपैकी एकालाही लढत पूर्ण करू दिली नाही. इतक्या उशिरा आरंभ करूनही असा प्रहार केवळ सरावाने येतो, असे म्हणणे धाडसाचे होईल.

तथापि ठोसा म्हणजे केवळ दंड नव्हे. लाकूड फोडणारी दोन माणसे पाहावीत. धट्टाकट्टा तरुण केवळ हाताने कुऱ्हाड आपटतो आणि घामाघूम होतो. सडपातळ म्हातारा दोन घावांत ओंडका दुभंगतो, कारण त्याचे सर्व शरीर त्या घावात उतरलेले असते. ठोशाचेही तसेच आहे. मागचा पाय जमीन रेटतो, कंबर वळते, खांदा पुढे येतो आणि मूठ सर्वांत शेवटी पोहोचते. मूठ जात असता हात सैल असावा लागतो आणि भिडण्याच्या क्षणी ताठ. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या सोव्हिएत संशोधकांच्या अभ्यासात, निष्णात मुष्टियोद्ध्यांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे 38 टक्के, तर नवशिक्यांच्या ठोशात तो सुमारे 16 टक्केच आढळला. पाय दोघांनाही जन्मतःच मिळालेले होते. ते वापरण्याची रीत मात्र एकालाच शिकविली गेली होती.

पांढुर्ण्यास ही गोष्ट नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. ज्याचा दगड दूरवर जातो, त्याचा मागचा पाय कसा रोवलेला असतो, हे काठावरच्या कोणीही पाहावे. त्या दिवशी दवाखान्यात किती जखमी येतात, हेही येथील लोकांनी पाहिलेले आहे. या बळाला दुसरी एखादी जागा मिळावी, असे पुष्कळांना वाटत असल्यास नवल नाही.

कुस्तीतील एक दाखला येथे उपयोगी पडेल. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे पहिलवानाचे पुत्र. रक्ताचा वारसा म्हणावा, तर तो होताच. पण बालवयात डाव शिकविणारेही वडीलच होते. बापाकडून आलेले रक्त किती आणि तालीम किती, याची वाटणी कोणी करावी? हेच खाशाबा 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीतल्या कुस्तीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरील कुस्ती आणि तिचे नियम नवे होते. चार वर्षांच्या तयारीनंतर 1952 साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. विद्यार्थिदशेत, अंगकाठी किरकोळ म्हणून त्यांचे नाव स्पर्धेसाठी घेण्यास क्रीडाशिक्षक तयार नव्हते, अशी हकीकतही सांगितली जाते.

पांढुर्ण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवरील नागपूरच्या अल्फिया पठाण हिने एप्रिल 2021 मध्ये पोलंडमधील किएल्त्से येथे जागतिक युवा स्पर्धेत 81 किलोंवरील गटात सुवर्णपदक जिंकले. सर्वांत जड गट, म्हणजे बळाचाच खेळ, असे कोणास वाटेल. पण अंतिम लढत तिने पाचही पंचांचा कौल मिळवून, गुणांवर जिंकली.

2023 मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला असून सौंसरही त्यात समाविष्ट आहे. जिल्ह्याच्या क्रीडास्पर्धांसाठी मुले निवडताना पहिल्याच दिवशी ठोशाचा जोर पाहून कोणासही वगळू नये. आरंभी पवित्रा, पावलांची हालचाल आणि कमरेचे वळण एवढेच शिकवावे. त्यासाठी सपाट जागेपलीकडे काही लागत नाही. बळ अजमावण्यासाठी मुलांना एकमेकांच्या डोक्यावर ठोसे मारू देणे सर्वथा वर्ज्य समजावे, कारण मेंदूला बसलेला मार बाहेरून दिसत नाही. जोर थैलीवर पाहावा. थैली केवळ वाळूने भरल्यास वाळू तळाशी बसून दगडासारखी घट्ट होते आणि मनगटे दुखावतात. कापसाच्या या मुलखात चिंध्यांना तोटा नाही. थैली त्यांनीच ठासून भरावी आणि मुलाच्या खांद्याच्या उंचीला टांगावी.