इंग्लंडचा फुटबॉल : पैसा, नियम आणि निकाल



७ मे २०१२ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात, ब्लॅकबर्न या गावी, फुटबॉलचा सामना चालू असताना मैदानात एक कोंबडी शिरली. शिरली म्हणण्यापेक्षा सोडण्यात आली म्हणणे अधिक बरोबर. कारण तिच्या अंगाभोवती ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबाचे निशाण गुंडाळलेले होते. कोंबडीमागे धावाधाव झाली, ती एकदाची हाती लागली आणि खेळ पुढे सुरू झाला. ब्लॅकबर्नने तो सामना विगन संघाविरुद्ध एका गोलाने गमावला आणि त्याबरोबर सर्वोच्च श्रेणीतील आपली जागाही गमावली. आता कोंबडीच का? तर क्लबाचे मालक कुक्कुटपालनाच्या व्यवसायातले. आणि ते मँचेस्टरचे नव्हेत की लंडनचे नव्हेत, आपल्या पुण्याचे! वेंकीज या नावाने आपण ज्यांना ओळखतो, त्या उद्योगसमूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला होता.

संतवाङ्मय आणि अर्थकारण यांच्या पंगतीत यंदा फुटबॉलचे पान का मांडले, अशी शंका श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आली असेल. तिला हे आमचे पहिले उत्तर. दुसरे उत्तर असे की, हा विषय वरून खेळाचा दिसला तरी आतून तो वाटणीचा आहे, आणि वाटणीचा प्रश्न आपल्याकडे घरोघरी असतो.

ब्लॅकबर्नचा आणि आपला संबंध तसा जुना आहे. त्या गावच्या मागांवर हिंदुस्थानसाठी धोतरे विणली जात. स्वदेशीच्या चळवळीने तिथल्या गिरणीकामगारांवर काय ओढवले ते पाहण्यासाठी १९३१ साली गांधीजी शेजारच्या डार्वेन गावी जाऊन राहिले होते. त्यांनी आपल्याला धोतरे विकली आणि ऐंशी वर्षांनी आपल्यापैकी कोणी त्यांचा फुटबॉल क्लब विकत घेतला. इतिहासाला थट्टेचे अंग असते ते असे. १८८३ साली याच गावच्या ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या कामकरी माणसांच्या संघाने ईटनच्या माजी विद्यार्थ्यांना हरवून एफ. ए. चषक उत्तरेकडे नेला होता. तोवर तो चषक शाळा-कॉलेजांतून शिकलेल्या सुखवस्तू लोकांच्या घरचा होता. कामकऱ्याने शनिवारची मजुरी बुडवून खेळायचे तर त्याला भरपाई हवी. ती आधी चोरून दिली जाई. १८८५ साली पैसे घेऊन खेळण्यास उघड मान्यता मिळाली आणि १८८८ साली बारा क्लबांनी मिळून लीग स्थापन केली. त्या बारांत ब्लॅकबर्न रोव्हर्स होते.

पैसा आला तसे नियमही आले. लीगच्या चालकांना एक गोष्ट लवकर उमगली होती. कापडाच्या धंद्यात शेजारचा गिरणीवाला बुडाला तर आपला फायदा होतो. फुटबॉलच्या धंद्यात मात्र शेजारचा क्लब बुडाला तर आपण खेळायचे कोणाशी? म्हणून त्यांनी दोन तऱ्हेचे नियम केले. एक, खर्चाला लगाम घालणारे. दुसरे, मिळकत वाटून घेणारे. सामन्याच्या तिकिटांच्या उत्पन्नातून पाहुण्या संघालाही वाटा मिळे. पुढे टेलिव्हिजनचा पैसा येऊ लागला तेव्हा तोही बरीच वर्षे चारही श्रेणींतील ब्याण्णव क्लबांत सारखा वाटला गेला.

लगाम घालणारा मुख्य नियम होता पगाराचा. १९०१ पासून खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक देता येत नसे. ही मर्यादा चढत चढत १९५८ साली वीस पौंडांवर आली, तीही हंगामापुरती, उन्हाळ्यात सतराच. परिणाम काय झाला ते पाहा. १९४६-४७ ते १९६०-६१ या पंधरा हंगामांत आठ निरनिराळे क्लब पहिले आले. १९६० साली तर बर्नलीने लीग जिंकली. बर्नली म्हणजे ब्लॅकबर्नच्या शेजारचे, जेमतेम ऐंशी हजार वस्तीचे गाव. क्लबाचे अध्यक्ष बॉब लॉर्ड हे खाटकाचा धंदा करणारे गृहस्थ. लंडनचा धनिक क्लबही वीसच पौंड देणार आणि बर्नलीही वीसच. मग खेळाडूने गाव सोडावे कशाला?

परंतु या समतेचा खर्च कोण सोसत होता, हे विसरून चालणार नाही. तो खेळाडू सोसत होता. करार संपला तरी क्लब त्याला अडकवून ठेवू शके. दुसरीकडे जाण्याची मुभा नाही आणि पगारही थांबलेला. यापेक्षा वेठबिगार वेगळी ती काय? प्रेस्टनचा टॉम फिनी हा त्या काळातील थोर खेळाडू. १९५२ साली इटलीतील पालेर्मो क्लबाने त्याला नुसत्या सहीसाठी दहा हजार पौंड देऊ केले. प्रेस्टनने नाही म्हटले आणि विषय संपला. फिनी फुटबॉलबरोबर नळकामाचा धंदा करीत राहिला. जानेवारी १९६१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संपाची धमकी देऊन पगाराची मर्यादा मोडून काढली आणि फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने अडकवून ठेवण्याची पद्धतही अन्याय्य ठरवली. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. जुन्या दिवसांच्या आठवणीने गहिवरणाऱ्या मंडळींनी फिनीचा नळाचा पाना डोळ्यांपुढे आणावा.

आमचा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. खेळाडूवरचा जाच गेला, तेव्हा वाटणीचे नियम अधिक घट्ट करायला हवे होते. घडले उलटेच. १९८३ पासून तिकिटांचे सारे उत्पन्न यजमान क्लबाच्या घरात राहू लागले. १९८५ च्या अखेरीस असे ठरले की, टेलिव्हिजनच्या पैशांतील निम्मा भाग वरच्या श्रेणीने घ्यावा आणि उरलेला बाकीच्या तीन श्रेणींनी. १९९२ साली वरच्या श्रेणीचे बावीस क्लब वेगळेच निघाले. त्यांनी प्रीमियर लीग नावाची नवी चूल मांडली आणि पाच वर्षांच्या प्रक्षेपणासाठी ३० कोटी ४० लाख पौंडांचा करार केला. आपल्याकडे एकत्र कुटुंबातला मिळवता भाऊ वेगळा निघतो, तसेच हे. न्यायाने बोलायचे तर एवढे सांगितले पाहिजे की, त्या नव्या घरात आतल्या आत टेलिव्हिजनच्या पैशाची वाटणी बरीच समसमान आहे. भिंत उभी राहिली ती त्या घराच्या आणि गल्लीच्या मध्ये. २०२४ साली खालून वर आलेले तिन्ही क्लब एका वर्षात खाली गेले. २०२५ साली पुन्हा तसेच झाले.

पैशाने निकाल विकत मिळतात काय? स्टीफन शिमान्स्की या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ ते १९९७ या काळातील चाळीस इंग्रजी क्लबांचे हिशेब तपासले. लीगमधील क्रमांकांतील फरकापैकी ९२ टक्के फरकाचा उलगडा पगारावरील खर्चाने होतो, असे त्याला आढळले. एखाद्या शनिवारी दैव, पाऊस, पंच यांचे चालते. वीस वर्षांच्या हिशेबात पगारपत्रकाचे चालते. प्रीमियर लीगच्या पहिल्या तेहतीस हंगामांत, म्हणजे २०२४-२५ पर्यंत, सातच क्लब विजेते ठरले. पंधरा वर्षांत आठ आणि तेहतीस वर्षांत सात, हे दोन आकडे आम्हांला कित्येक ग्रंथांपेक्षा बोलके वाटतात. त्या सातांत लेस्टर हा एक आहे. २०१६ साली तो पहिला आला, तेव्हा हंगामाच्या आरंभी सट्टेवाले त्याच्यावर एकास पाच हजार देत होते. चमत्कार होतात, पण चमत्कार म्हणण्याची पाळी येते यातच सारे आले.

सातांतला आणखी एक आपला ब्लॅकबर्न. जॅक वॉकर हे त्याच गावचे पोलादाचे व्यापारी. धंदा विकून हाती आलेला पैसा त्यांनी गावच्या क्लबावर लावला. त्या वेळी क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. त्यांनी केनी डॅल्ग्लिशला व्यवस्थापक नेमले, ब्रिटनमधील तोवरची सर्वांत मोठी किंमत मोजून ॲलन शीअररला आणले. १९९५ च्या शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न लिव्हरपूलमध्ये २-१ असे हरले. पण त्याच वेळी लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडला बरोबरीवर समाधान मानावे लागले आणि लाखभर वस्तीचे हे गाव लीगचे विजेते झाले. चार वर्षांनी, १९९९ साली, ते खालच्या श्रेणीत उतरले. २००० साली वॉकर वारले, २००१ साली क्लब पुन्हा वर आला. पुढे पुण्याची मालकी आणि ती कोंबडी. २०१७ साली क्लब तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला आणि वर्षाने दुसरीत परतला. पुण्याच्या मालकांनी पैसा ओतला नाही असे मात्र कोणी म्हणू नये. तोटा भरून काढण्यासाठी ते वर्षानुवर्षे पैसे घालीत आले. परंतु पोहऱ्याने आड भरत नाही.

वॉकरांनंतर २००३ साली चेल्सीला रशियाचे अब्रामोविच मिळाले, २००८ साली मँचेस्टर सिटीला अबू धाबीचा पैसा. दुसऱ्या टोकाला लीड्स होते: पुढे येणाऱ्या उत्पन्नावर कर्ज काढून ते २००१ साली युरोपच्या उपांत्य फेरीत गेले आणि २००७ साली तिसऱ्या श्रेणीत. मग २०१० साली पोर्ट्स्मथचे दिवाळे निघाले. त्या वेळी एक चमत्कारिक नियम लोकांच्या ध्यानात आला. दिवाळखोर क्लबाने खेळाडूंचे आणि इतर क्लबांचे देणे पूर्ण फेडायचे. बाकी धनकोंच्या हाती पौंडामागे पडतील तेवढे पेन्स. त्या बाकीच्यांत मैदानावर प्रथमोपचार करणारी सेंट जॉन ही सेवाभावी रुग्णवाहिका संस्थाही होती.

एवढे पाहिल्यावर प्रीमियर लीगने तोट्याला मर्यादा घातली: तीन वर्षांत मिळून १० कोटी ५० लाख पौंड. खालच्या श्रेणीत काढलेल्या वर्षांसाठी ती फारच कमी. अंथरूण पाहून पाय पसरावे, हीच त्यामागची कल्पना. म्हण चांगली आहे. परंतु ज्याचे अंथरूण पूर्वीच मोठे झाले, त्याचे पाय या म्हणीने कधीच उघडे पडत नाहीत.

आणि नियम आला की पळवाट आलीच. आपल्याकडे कमाल जमीनधारणेचा कायदा झाला, तेव्हा सुना-नातवंडांच्या नावांवर जमिनी कशा चढल्या हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. चेल्सीने २०२३ साली आपल्या मैदानाजवळची दोन हॉटेले आपल्याच भावंड-कंपनीला ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकली आणि ती रक्कम हिशेबात जमा धरली. लीगच्या नियमांत ते बसत होते. खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागून मांडता येते, म्हणून आठ-आठ वर्षांचे करार झाले. डिसेंबर २०२३ मध्ये क्लबांनी ही विभागणी पाच वर्षांपुरतीच ठेवण्याचे ठरवले.

शिक्षा कोणाला झाली? एव्हर्टनची मर्यादा १ कोटी ९५ लाखांनी ओलांडली गेली. मार्च २०२३ मध्ये तक्रार झाली, नोव्हेंबरात दहा गुण कापले गेले, अपिलात त्यांचे सहा झाले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रकरणात आणखी दोन गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टची मर्यादा ६ कोटी १० लाख. ते ३ कोटी ४५ लाखांनी पुढे गेले आणि त्यांचे चार गुण गेले. त्यांनी ब्रेनन जॉन्सन हा आपला गुणी खेळाडू ३० जूनच्या आत स्वस्तात न विकता १ सप्टेंबरला ४ कोटी ७५ लाखांना विकला. हिशेबाची तारीख मात्र उलटून गेली होती. मँचेस्टर सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभरांहून अधिक आरोप ठेवले गेले. ते सारे क्लबाने नाकारले. त्यांची सुनावणी सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळात झाली. दरम्यान क्लबाने दोनदा लीग जिंकली. आरोप खरे की खोटे हे ठरवणे आमचे काम नव्हे. मोठ्या वकिलांच्या फौजेपुढे घड्याळ हळू चालते, एवढेच आम्ही म्हणतो.

या साऱ्या शिक्षांनी खाली जाणाऱ्यांच्या यादीत एका नावाचाही फरक पडला नाही. फॉरेस्ट ३२ गुणांवर तरले, २६ गुणांचे लूटन खाली गेले. लूटनचे मैदान पाहण्यासारखे आहे. घरांच्या ओळीतून वाट काढून प्रेक्षकांनी आत शिरायचे, वर पाहिले तर कोणाच्या परसात धुणे वाळत घातलेले. या क्लबाने खर्चाचा कोणताही नियम मोडला नव्हता. २०२५ साली तो आणखी एक श्रेणी खाली गेला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लबांनी नवा नियम मंजूर केला: २०२६-२७ पासून संघावरील खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचा. समजा, एकाचे उत्पन्न साठ कोटी, त्याला एक्कावन्न कोटी खर्चता येतील. दुसऱ्याचे वीस, त्याला सतरा. दोघेही काटकसरी आणि दोघेही नियमात. त्याच बैठकीत दुसरी एक सूचना होती. तळाच्या क्लबाला लीगकडून जेवढे मिळते, त्याच्या पाचपटीहून अधिक खर्च वरच्याने करू नये. ती नामंजूर झाली. वर्षभराच्या या साऱ्या बातम्यांत आम्हांला हीच सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तळाच्याकडे पाहून वरच्याची मर्यादा ठरवण्याचा तो एकच प्रस्ताव होता. जुलै २०२५ मध्ये पार्लमेंटने कायदा करून फुटबॉलवर स्वतंत्र नियामक नेमण्याची व्यवस्था केली. क्लब दिवाळखोरीत जाऊ नयेत हे तो पाहील. वाटणीसंबंधी मोठ्या आणि लहान लीगांचे भांडण जुळले नाही, तर त्यातही पडण्याचा अधिकार त्याला आहे. तो अधिकार कसा वापरला जातो, यावर आम्ही डोळे लावून आहोत.

ब्लॅकबर्नच्या ईवुड पार्क मैदानाबाहेर जॅक वॉकर यांचा पुतळा आहे. गावच्या माणसाने आपल्या खिशातून गावचा क्लब पहिल्या क्रमांकावर नेला, म्हणून लोकांनी तो उभारला. आजचे नियम तेव्हा असते, तर क्लबाच्या बेताच्या उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत शीअरर बसला नसता. तसे झाले असते तर १९९९ ची घसरगुंडीही कदाचित टळली असती, असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे आम्हांला खोडता येत नाही. मात्र ब्लॅकबर्नच्या रहिवाशांना विचाराल, तर १९९५ चा तो रविवार परत देऊन टाकायला त्यांतला एकही तयार होणार नाही.