सामू मापक : घ्यावा कोणता आणि वापरावा कसा?

(रोपवाटिका व परसबाग प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. काही वर्षांपूर्वी नात्यातले एक काका कागदी लिंबाची पिशवीतली चार-पाच रोपे घेऊन माझ्याकडे आले. घरामागे त्यांनी हजारभर रोपे केली होती आणि शेंड्याची पाने पिवळी पडत होती. मी खणातून पेनासारखा दिसणारा सामू मापक काढला, पिशवीतली माती पाण्यात कालवली आणि पेन बुडवला. आकडा आला ६.४. मी म्हणालो, "काका, सामू एकदम चांगला आहे. नत्र कमी पडतंय, थोडा युरिया द्या." काकांनी दिला. तीन आठवड्यांनी शेंडे पांढरट पडले, पानांच्या कडा करपल्या. मग तीच माती प्रयोगशाळेत मोजली, तर सामू निघाला ८.३.

त्यात मापकाचा दोष नव्हता. दोन महिने तो माझ्या खणात कोरडा पडून होता आणि विकत घेतल्यापासून एकदाही मी तो प्रमाणित केला नव्हता. शिवाय शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही नव्या पानांवर, ही लोहाच्या कमतरतेची खूण मी वर्गात दरवर्षी शिकवतो. नत्र कमी असेल तर जुनी पाने आधी पिवळी पडतात. समोर दिसत होते ते सोडून मी आकड्याच्या मागे गेलो. हंगाम मात्र काकांचा गेला.

सामू म्हणजे माती किंवा पाणी किती आम्ल आणि किती विम्ल आहे याचे माप. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर विम्ल. ही मोजपट्टी डेन्मार्कच्या सोरेन्सन या शास्त्रज्ञाने १९०९ साली मांडली. तिची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. त्यामुळे ६.४ आणि ८.३ यांत "दोनचाच तर फरक" म्हणू नये, तो जवळजवळ ऐंशीपट आहे. आणि आपल्याला बरे वाटावे म्हणून सांगतो, अमेरिकेत आर्नोल्ड बेकमन यांनी १९३४ साली आपला विजेवर चालणारा सामू मापक बनवला, तो लिंबूवर्गीय फळांच्या रसाची आम्लता मोजण्यासाठीच. म्हणजे हे यंत्र मुळात बागाईतदाराच्याच कामाचे.

बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला, मातीत खुपसायच्या दोन-तीन धातूच्या सळया आणि वर काटा असलेला, बॅटरीशिवाय चालणारा. तो घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो. दोन वेगळ्या धातूंमध्ये ओल्या मातीतून जो किंचित प्रवाह वाहतो, त्यावर त्याचा काटा हलतो. तो प्रवाह सामूपेक्षा मातीच्या ओलीवर आणि क्षारांवर जास्त अवलंबून असतो. पाणी दिल्यावर खुपसा, वेगळा आकडा. दोन दिवसांनी खुपसा, आणखी वेगळा. दुसरा प्रकार रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्यांचा. पाण्यासाठी त्या ठीक आहेत, अर्ध्या-एक अंकाचा अंदाज देतात. गढूळ मातीच्या द्रावणात रंग ओळखताना मात्र घरातल्या चार जणांची चार मते होतात.

तिसरा प्रकार काचेच्या फुग्याचा इलेक्ट्रोड असलेला पेन. घ्यायचा तर हाच. घेताना दुकानदार सांगेल, "साहेब, दोन दशांशापर्यंत दाखवतो." दाखवतो, पण खरे किती सांगतो ते पत्रकावर वाचावे. ०.०१ पर्यंत आकडा दाखवणारा पेन अचूकतेत ०.१ किंवा ०.२ ने मागेपुढे असू शकतो. घरच्या कामाला ०.१ ची अचूकता भरपूर झाली. निदान दोन द्रावणांवर प्रमाणित करता येणारा, तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारा आणि जमल्यास इलेक्ट्रोड बदलता येणारा पेन पाहावा. इलेक्ट्रोड साधारण एक-दोन वर्षांत थकतो; तेवढाच बदलता आला तर सगळे यंत्र फेकावे लागत नाही. एक सावधगिरी आणखी. तसाच दिसणारा टीडीएस किंवा ईसी पेन शेजारीच ठेवलेला असतो. तो विद्राव्य क्षार मोजतो, सामू नाही. दोन्ही उपयोगी आहेत, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

आता प्रमाणित करणे. पेनाबरोबर भुकटीच्या पुड्या येतात, बहुधा ४.०० आणि ६.८६ च्या, कधी ९.१८ ची तिसरी. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या, बहुतेक वेळा २५० मिली, ऊर्ध्वपातित पाण्यात ती विरघळवावी. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या जमिनी विम्ल असल्याने ६.८६ बरोबर ९.१८ ची पुडी जरूर घ्यावी. कोकणातल्या जांभ्या जमिनीसाठी ४.०० ची लागेल. आपण जे मोजणार ते दोन द्रावणांच्या मधे पडले पाहिजे, एवढाच हिशेब. आधी ६.८६ मध्ये, मग धुऊन दुसऱ्यात. वापरासाठी थोडे द्रावण वाटीत ओतून घ्यावे आणि काम झाल्यावर फेकून द्यावे, बाटलीत परत ओतू नये. विम्ल द्रावण हवेतला कर्बवायू शोषून लवकर बिघडते, म्हणून बाटली गच्च बंद असावी. काही जण पेन नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून "सात येत नाही, यंत्र बिघडले" म्हणून परत करतात. त्या पाण्यात क्षारच नसल्याने आकडा स्थिर राहत नाही. त्याचा उपयोग धुण्यासाठी. बॅटरीत घालायचे पाणी धुवायला चालते, बॅटरीचे ॲसिड नव्हे.

माती मोजताना आठ-दहा पिशव्यांतली किंवा कुंड्यांतली थोडी थोडी माती घेऊन एकत्र करावी, सावलीत वाळवावी, खडे काढून चाळावी. खत दिल्यावर लगेच नमुना घेऊ नये. २० ग्रॅम माती आणि ५० मिली ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे एकास अडीच, हेच प्रमाण आपल्या प्रयोगशाळांत वापरतात. ते पाळले तर तुमचा आकडा मृद आरोग्य पत्रिकेशी ताडून पाहता येतो. अर्धा तास मधून मधून काडीने ढवळावे. मग पेनाचा फुगा वरच्या गढूळ पाण्यात धरावा, तळाच्या खड्यांत रोवू नये, काच फार पातळ असते. आकडा थांबेपर्यंत, मिनिटभर तरी, दम धरावा. फुगा फडक्याने घासून पुसू नये, मऊ कागदाने टिपून घ्यावा. विहिरीचे पाणी थेट मोजता येते, मात्र ते ताजे असावे.

आकडा खरा आला, आता पुढे काय? इथे घाई महागात पडते. आकडा ८.२ आला की लोक गंधकाची पोती आणायला निघतात. आधी मातीवर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकून पाहावे. फेस आला तर चुनखडी आहे. एकरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात चुनखडी फक्त एक टक्का धरली, तरी ती नऊ टनांच्या आसपास भरते आणि ती संपवायला सुमारे तीन टन गंधक लागेल. चुनखडी असेपर्यंत सामू खाली येऊन टिकत नाही. शेतात तो नाद सोडावा आणि पीक, खुंट व अन्नद्रव्याचे रूप बदलावे. सामू ८.५ च्या वर असेल तर जमीन चोपण असण्याचा संभव आहे. तिथे जिप्सम आणि निचऱ्याचा विचार प्रयोगशाळेच्या अहवालावरूनच करावा.

पिशवीत आणि कुंडीत मात्र माती आपण निवडतो, म्हणून तिथे हा पेन खरा पैसे वसूल करतो. काकांच्या पोयट्यात चुनखडी होती आणि विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट. उरलेल्या रोपांना आम्ही लोहाचे ई.डी.डी.एच.ए. रूप दिले. नेहमीचे ई.डी.टी.ए. रूप सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत टिकत नाही. पुढच्या वर्षी पोयटा बदलला आणि पाणी थोडे आम्ल केले. त्यासाठी प्लॅस्टिकच्या बादलीत १० लिटर पाणी घ्यावे, वजन करून थोडे थोडे सायट्रिक ॲसिड टाकावे, ढवळावे आणि मोजावे. ६.५ च्या जवळ आले की किती ग्रॅम लागले ते लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे, कारण कर्बवायू निघून गेल्यावर सामू थोडा वर चढतो. दुसऱ्याच्या विहिरीचे प्रमाण आपल्याला लागू पडत नाही. तीव्र आम्ल वापरणाऱ्यांनी हातमोजे आणि चष्मा घालावा. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये.

व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारले, बोर्डो मिश्रणाला हा पेन चालेल का? चालेल, मिश्रण उदासीन किंवा किंचित विम्ल असावे. पण त्यात चमचमीत लोखंडी सुरी बुडवून तांबूस थर चढतो का ते पाहण्याची जुनी पद्धतही तितकीच भरवशाची आहे. थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालावी. पेन वापरलाच तर लगेच धुवावा. फुग्यावर चुन्याचा पांढरा पापुद्रा बसला असेल तर पाच-दहा मिनिटे व्हिनेगरमध्ये ठेवावा, धुवावा आणि पुन्हा प्रमाणित करावा.

ठेवताना टोपणातल्या स्पंजावर पोटॅशियम क्लोराइडचे साठवण द्रावण चार थेंब घालावे, साधे किंवा ऊर्ध्वपातित पाणी नको. कोरडा पडलाच असेल तर रात्रभर त्याच द्रावणात बुडवून ठेवावा आणि सकाळी ६.८६ वर तपासावा. तरीही आकडा भरकटत असेल तर इलेक्ट्रोड बदलण्याची वेळ झाली. माझा तो पेन अजून खणातच आहे, पण आता टोपणात द्रावण असते आणि शेवटचे प्रमाणीकरण केव्हा केले त्याची तारीख पट्टीवर लिहून चिकटवलेली असते.