इन्सुलिन सुरू करताना

“डॉक्टर, गोळ्या वाढवा, पण इन्सुलिन नको.” मधुमेहाच्या ओपीडीत हे नेहमी ऐकू येतं. सुई लागली म्हणजे आजार हाताबाहेर गेला, अशी समजूत त्यामागे असते. ती मनातून काढून टाका. टाईप टू मधुमेहात इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशी वर्षागणिक थकत जातात. म्हणून पथ्य सांभाळूनही साखर चढते. त्यात रुग्णाचा दोष नसतो. टाळाटाळीत वर्षं गेली, तर डोळ्यांना आणि मूत्रपिंडांना इजा होत राहते.

सुरुवात बहुधा रात्रीच्या एका डोसने होते, १० युनिटच्या आसपास. मग सकाळची उपाशीपोटीची साखर पाहून डॉक्टर तो हळूहळू वाढवतात. ही साखर बहुतेकांना ८० ते १३० च्या दरम्यान ठेवायची असते. वयस्कर, एकट्या माणसाला थोडी सूट देतात.

आता हे नीट ऐका. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. त्यांची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटवाल्या बाटलीची नारिंगी टोपणाची. ४० च्या बाटलीला नारिंगी सिरिंज वापरली, तर डोस निम्म्याहूनही कमी जातो. उलट झालं, तर अडीचपट जातो आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून औषधाच्या दुकानातच बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून घ्या.

सुई पोटावर, बेंबीपासून दोन बोटं सोडून घ्या आणि जागा रोज बदला. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे गाठ होते, औषध नीट शोषलं जात नाही. बाटली फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको.

दरदरून घाम, हातांना थरथर, डोळ्यांपुढे अंधारी: साखर उतरल्याची ही लक्षणं. ती ७० च्या खाली गेली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काही घालू नका. थेट दवाखाना गाठा. एकादशीचा उपास धरणार असाल, तर डोस किती घ्यायचा हे आधी विचारून ठेवा. निरंकार राहिलात तर साखर उतरेल, साबुदाण्याच्या खिचडीने चढेल.

पुढच्या तपासणीला बाटली-सिरिंज सोबत न्या, नर्ससमोर एकदा स्वतः टोचून दाखवा. घरातल्या एखाद्यालाही बरोबर न्या. साखर उतरेल तेव्हा धावून येणारं माणूस तेच असेल.