आबांचा रानकांदा

(तू बिश्वातच्या सायंकाळी, एलियाहू हन्नाबीच्या मलिद्यापूर्वी आपल्या प्रार्थनालयात झालेल्या भाषणाचा ध्वनिमुद्रणावरून तयार केलेला मजकूर.)



आज वृक्षांचे नववर्ष. आतल्या दालनात मलिद्याची ताटे मांडली जात आहेत, नारळाचा आणि वेलचीचा वास इथपर्यंत येतो आहे, आणि तुमचे अर्धे लक्ष तिकडे आहे हे मी जाणतो. म्हणून फार वेळ घेणार नाही. कार्यकारी मंडळाने मला घरच्या फुलबागेविषयी बोलण्यास सांगितले. मी या शास्त्राचा पंडित नाही. उभी हयात मी कारखान्यात यंत्रे सांभाळली; बाग ही माझ्या वडिलांची. तिच्यात मी केलेल्या दोन चुका आणि तिने मला शिकविलेली एक गोष्ट, एवढेच आज सांगणार आहे.

आम्ही १९६४ साली रेवदंड्याहून येथे, बीरशेव्याला आलो. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. पुढे माझ्या मुलांना कितीतरी दिवस वाटे की बाबा आजोबांना हिब्रूतच हाक मारतात. मिळालेल्या घराच्या मागे लहानसे अंगण होते आणि त्यात पिवळसर, पिठासारखी मऊ माती होती. या मातीचा स्वभाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पहिली सर आली की तिचा वरचा थर पापडासारखा घट्ट होतो आणि मागून येणारे पाणी आत न मुरता वाहून जाते. रेवदंड्याच्या वाड्यांत रहाटाचे पाणी पाटापाटांनी खेळविलेला माणूस हे पाहून गप्प कसा राहील? आबांनी पहिल्याच हिवाळ्यात अंगणाच्या उताराला वीतभर उंचीचे बांध घातले आणि प्रत्येक रोपाभोवती आळे केले. पुढे मी अवदातला गेलो, तेव्हा प्राध्यापक मायकेल एव्हेनारी यांनी पुन्हा उभे केलेले प्राचीन शेत पाहिले. नबातियन लोक दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरउतारावरचे वाहते पाणी बांध घालून असेच अडवीत. आबांनी त्या लोकांचे नावही ऐकले नव्हते. पाणी अडविणाऱ्या माणसांची बुद्धी सगळीकडे सारखीच चालते, असे दिसते.

एक गोष्ट मात्र आबांना नव्याने शिकावी लागली, ती म्हणजे ऋतू. कोकणात मृगाचा पाऊस आला की लावणी. येथे त्या महिन्यात आकाशाकडे पाहणेही व्यर्थ. अलिबागेकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बीरशेव्याला सुमारे दोनशे, आणि तोही हिवाळ्यात. आबा एक गमतीची गोष्ट सांगत. परदेशातल्या यहुद्यांनी प्रार्थनेत पाऊस मागायचा तो डिसेंबरच्या चार-पाच तारखेपासून. आपले पूर्वज तो नियम कोकणात पाळीत आले. म्हणजे भात कापून झाले आहे, खळी झाडली आहेत, पाऊस जाऊन दोन महिने लोटले आहेत, आणि आपण प्रार्थनालयात उभे राहून पाऊस मागतो आहोत! आबा म्हणत, "तिथे मी दुसऱ्याच्या शेतासाठी पाऊस मागत होतो, हे मला इथे आल्यावर कळले." येथे हेश्वानच्या सातव्या दिवसापासून आपण पाऊस मागतो, आणि देवाची कृपा असेल तर तो येतोही.

बागेचे वर्षही तेथूनच सुरू होते. हे मी आवर्जून सांगतो, कारण आपल्यापैकी अनेक जण वसंतात रोपवाटिकेतले रंग पाहून भुलतात, निसानात रोपे आणतात आणि ताम्मूझच्या उन्हात ती जळाली की नशिबाला दोष देतात. रोप लावावे ते तिश्री संपताना किंवा हेश्वानात. ऊन ओसरलेले असते, माती अजून उबदार असते आणि मुळांना खाली उतरायला सबंध हिवाळा मिळतो. श्वातात, म्हणजे या दिवसांत, गुलाब छाटावा: आधी मेलेल्या फांद्या काढाव्यात, मग आत वळलेल्या, आणि राहिलेल्या फांद्यांना बाहेर पाहणाऱ्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप द्यावा. निसानात मालकोश, म्हणजे शेवटचा पाऊस होऊन गेला की मातीवर वाळलेल्या पानांचे चार बोटे जाड आच्छादन घालावे. मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. उन्हाळ्यात ठिबक नळीने पाणी द्यावे, पण रोज थोडे थोडे नव्हे. दोन-तीन दिवसांनी द्यावे आणि खोल जाऊ द्यावे. वरवरच्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि पहिल्या शराव वाऱ्याला बळी पडतात. शब्बाथला आपण पाण्याला हात लावीत नाही, तेव्हा नळाचे घड्याळ शुक्रवारी दुपारीच लावून ठेवावे.

आता माझी पहिली चूक. अंगणाच्या मधोमध आबांनी हिरवळ राखली होती, सुमारे चाळीस चौरस मीटर. दररोज संध्याकाळी ते तिच्या कडेला खुर्ची टाकून बसत. मला तो शौक वाटे. २००९ च्या उन्हाळ्यात, दुष्काळाची वर्षे एकामागून एक आल्यावर, सरकारने ठराविक मर्यादेपेक्षा अधिक पाणी वापरणाऱ्या घरांवर दुष्काळ-आकार बसविला. मी हिशेब मांडला. भर उन्हाळ्यात एका चौरस मीटर हिरवळीला दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागते; म्हणजे आमची हिरवळ दररोज दीडशे ते दोनशे लिटर पीत होती. मी आबांना हिशेब दाखविला. त्यांनी तो वाचला, कागद परत दिला आणि म्हणाले, "हिशेब बरोबर आहे." पण हिरवळ काढू दिली नाही.

त्याच उन्हाळ्यात ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्या बहिणीकडे अश्दोदला आठवडाभर राहिले. त्या आठवड्यात मी दोन मजूर लावले आणि हिरवळ मुळासकट काढून टाकली. बंधुभगिनींनो, हिशेब बरोबर होता. काम मात्र चोरीचे होते. आबा परत आले. नव्या डोळ्यांनी त्यांनी प्रथम काय पाहिले असेल, तर ती उघडी माती. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते खुर्ची घेऊन नेहमीच्या जागी बसले आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस. कोकणात पावसाळ्यात दाराबाहेर पाऊल टाकले की जे दिसते, त्यातले एवढेच चाळीस मीटर त्यांनी या देशात आणले होते, हे मला तेव्हा समजले नाही.

काही दिवसांनी ते म्हणाले, "मला रोपवाटिकेत घेऊन चल." तेथे त्यांनी पुष्कळ वेळ शोधून एक भला मोठा कांदा विकत घेतला. मी पाहिले तर तो हात्सावचा कंद होता. रानातून तो उपटून आणणे कायद्याने मना आहे, हे आपण जाणताच. रोपवाटिकेतला घेता येतो. घरी येताना आबा मला म्हणाले, "हा आपला रानकांदा." मी हसलो. म्हणालो, "आबा, हा इथला हात्साव आहे. रानकांदा तिकडे राहिला." त्यांनी वाद घातला नाही. कुंपणाजवळच्या कोपऱ्यात, मान मातीबाहेर राहील असा, त्यांनी तो स्वतःच्या हातांनी लावला. चार वर्षांनी, २०१३ साली, ते देवाघरी गेले. तोवर त्या कंदाला एकदाही फूल आले नव्हते.

आबांच्या पश्चात बाग माझ्याकडे आली आणि मी माझी दुसरी चूक आरंभिली. प्रत्येक हिवाळ्यात त्या कोपऱ्यात रुंद, चकचकीत पाने येत. मला ती जागा गुलाबांसाठी नीटनेटकी हवी होती. कंद खणून काढण्याचे धैर्य होत नव्हते, म्हणून दरवर्षी याच दिवसांत मी ती पाने तण समजून जमिनीलगत कापून टाकीत असे. फूल येत नाही, म्हणजे कंद निकामी आहे, असा माझा न्याय. या कंदाची रीत अशी की हिवाळ्यात पाने ऊन खातात आणि अन्न खाली साठवितात. त्या साठ्यावर उन्हाळ्याच्या शेवटी फूल येते. मी दरवर्षी त्याच्या तोंडचा घास काढीत होतो आणि वर त्यालाच वांझ म्हणत होतो.

मग ५७८२ साल आले, शमिटाचे. त्याआधीच्या शमिटा वर्षी मी, खरे सांगायचे तर, सोयीपुरतेच पाळले होते. या वेळी ठरविले की पुरते पाळायचे. रब्बींना विचारले. घरच्या फुलबागेलाही तोच नियम: पेरू नये, लावू नये, वाढीसाठी छाटू नये, झाड मरू नये म्हणून जेवढे आवश्यक, तेवढेच करावे. झाडाला जगविणे वेगळे आणि त्याला सुधारणे वेगळे, हा भेद आपल्या शास्त्राने किती बारकाईने केला आहे, हे मला तेव्हा प्रथम उमगले. मी आयुष्यभर सुधारीतच आलो होतो. ते वर्ष मला जड गेले. हाताला कात्रीची सवय. दररोज सकाळी बागेत जाऊन हात मागे बांधून उभा राहत असे. कोपऱ्यातली पानेही तशीच राहिली. निसानपर्यंत हिरवीगार होती, मग आपोआप पिवळी पडून वाळून गेली.

एलुल लागला त्या आठवड्यात सकाळच्या प्रार्थनेहून परतलो, तर कोपऱ्यात दगडासारख्या टणक, कोरड्या मातीतून एक दांडा वर आला होता. पान एकही नाही. पाणीही नाही, कारण त्या कोपऱ्यात नळी जातच नव्हती. दोन आठवड्यांत तो माझ्या छातीइतका उंच झाला आणि खालून वर एकेक पांढरी चांदणी उमलत गेली. पहिला पाऊस पडायला अजून महिना-दीड महिना अवकाश होता.

त्यानंतर मी वाचून पाहिले. वनस्पतिशास्त्रज्ञ हात्सावला आणि कोकणातल्या रानकांद्याला एकाच कुळीत, ड्रिमिया या एकाच प्रजातिसमूहात ठेवतात. दोघेही विषारी, गुरे दोघांनाही तोंड लावीत नाहीत. आणि रानकांदाही भर उन्हाळ्यात, पाने नसताना, मृगाच्या आधी उघड्या कातळाकडेच्या जमिनीतून फुलतो. हात्साव एलुलात, रानकांदा वैशाखात. महिने वेगळे, पण दोघेही आपापल्या पावसाच्या आधीच फुलतात. आबा भाऊबंदकी ओळखून बोलले होते. मी हिब्रू नाव सांगून त्यांना दुरुस्त केले होते.

तालमूदात असे आले आहे की यहोशवाने या देशाच्या सीमा हात्सावने आखल्या. भाष्यकार कारण देतात की त्याची मुळे सरळ खाली जातात, शेजाऱ्याच्या जमिनीत शिरत नाहीत. हे वाचले तेव्हा मला आबांची खुर्ची आठवली. त्यांनी माझ्या कोणत्याही हिशेबात आपले मूळ घुसविले नाही. आपल्या कोपऱ्यात सरळ खाली गेले.

शमिटा संपल्यावर, तिश्रीनंतर मी बागेची मांडणी बदलली. हिरवळ परत आणली नाही. तो हिशेब आजही बरोबर आहे. पण मधल्या जागेत रोझमेरी, लव्हेंडर आणि सदाफुली लावली, जी थोड्या पाण्यावर निभावतात. गुलाबांचा वाफा निम्मा केला. बुजून गेलेले आबांचे बांध खणून मोकळे केले. मोगरा कुंडीत लावून पूर्वेच्या भिंतीशी ठेवला, म्हणजे दुपारच्या धगीतून वाचतो. उन्हाळ्यात शब्बाथ सुटताना हव्दालाच्या सुगंधासाठी त्याचीच फुले घेतो. कोपरा मात्र तसाच ठेवला. हल्ली तेथे रुंद पाने आली आहेत आणि माझी नात येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावते, "त्याला हात लावू नका, तो पणजोबांचा आहे." हात न लावणे तसेही इष्टच, कारण त्याच्या रसाने कातडीची आग होते.

हिरवळ काढल्याबद्दल मी आबांची क्षमा मागितली नाही. एलुल हा क्षमा मागण्याचा महिना. तो दांडा बरोबर त्याच महिन्यात वर आला, आणि ज्यांची मागायची ते नव्हते. म्हणून तुम्हाला एवढीच विनंती करतो. तुमच्या घरी कोणा वडीलधाऱ्याने लावलेला एखादा कोपरा असेल आणि तुम्हाला तो निरुपयोगी वाटत असेल, तर या हिवाळ्यात त्याची पाने कापू नका. आणि ते वडीलधारे हयात असतील, तर आज मलिदा झाल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, की तेथे काय लावले आहे.

 मलिदा वाट पाहत आहे. शालोम.