राखणीचा भार आणि निर्णयाचा अधिकार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



वन्यप्राणी आणि वनस्पती यांच्या रक्षणाचा विषय निघाला की समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात एक संकोच उभा राहतो. हा सुखवस्तू शहरी मंडळींचा छंद आहे. भुकेचा आणि रोजगाराचा प्रश्न आधी सुटू दे, असे त्याला वाटते. उलट अनेक निसर्गप्रेमींची अशी धारणा असते की, जंगल वाचवायचे तर माणसांना, म्हणजे अर्थातच गरीब माणसांना, त्यातून बाहेर काढले पाहिजे. या समजुती परस्परविरोधी दिसल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. जंगलाच्या कडेला राहणारा माणूस जंगल केवळ ओरबाडतो, राखू शकत नाही, हे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले आहे. हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे.

अर्थशास्त्रात या समजुतीला प्रतिष्ठा लाभली ती गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ सालच्या निबंधामुळे. कुरण सर्वांना मोकळे असले की प्रत्येक गुराखी आपले एकेक जनावर वाढवीत जातो आणि अखेर कुरण उजाड होते. म्हणून ते खासगी मालकीचे करा, नाही तर सरकारच्या ताब्यात द्या, असा त्या युक्तिवादाचा निष्कर्ष. त्यात एक मोठी गफलत होती. हार्डिन यांचे कुरण वस्तुतः कोणाचेच नव्हते. खेड्यातले गायरान मात्र गावाचे असते. त्याला शीव असते, नियम असतात आणि नियम मोडणाऱ्यास दंडही असतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी देशोदेशीची कुरणे, पाटपाणी व मासेमारीची क्षेत्रे अभ्यासून १९९० सालच्या ग्रंथात हे सप्रमाण दाखवून दिले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्राला ही गोष्ट अपरिचित नव्हती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात येथील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा भोवतालचे डोंगर बोडके होत असतानाही गावाने देवाच्या नावाने राखलेली राने उभी असल्याचे त्यांनी नोंदविले होते.

मग गावांची ही शक्ती गेली कोठे? इंग्रजांच्या १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी रान सरकारचे झाले आणि काल जो राखणदार होता तो आज घुसखोर ठरला. जे आपले नाही ते राखण्याची प्रेरणा कोणास असणार? स्वातंत्र्यानंतरही ही व्यवस्था फारशी बदलली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद बसला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु गावाचे स्थान त्याने पालटले नाही. ते पालटण्याचा मार्ग २००६ च्या वनहक्क कायद्याने खुला केला. परंपरेने वापरात असलेल्या जंगलाचे रक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा अधिकार या कायद्याने ग्रामसभेला दिला.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात, आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषयाचा ऊहापोह होतो. २००९ साली या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तथापि हक्क कागदावर आला, तरी गावाने तोडलेला बांबू बाहेर नेण्यास वनखाते परवाना देईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना-पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली. विकण्याच्या अधिकाराशिवाय मालकी ही पोकळ असते, हा या झगड्याचा धडा.

त्याहून बोलका अनुभव चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावचा आहे. २०१२ साली या गावाला सुमारे एक हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. बांबूच्या विक्रीतून गावातच मजुरी उभी राहिली. त्यानंतर ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणे बंद केले. ऐन उन्हाळ्यात, हाताला दुसरे काम नसताना, रोख पैसा देणारे हे पीक. परंतु चांगल्या पानासाठी फांद्या छाटल्या जातात, रानाला आग लावली जाते. त्यात रोपे जळतात आणि जी फळे माणसे व पाखरे खातात ती धरतच नाहीत. शिवाय सुमारे ३४ हेक्टर रान गावाने देवराई म्हणून राखून ठेवले. कोणत्याही अधिकाऱ्याने हा हुकूम काढला नव्हता. उद्याचे उत्पन्न आपल्याच गावाचे राहील अशी ज्याला खात्री असते, तोच आजच्या उत्पन्नावर पाणी सोडू शकतो. ही खात्री नसलेल्या माणसाला संयमाचा उपदेश करणे म्हणजे त्याच्या दारिद्र्याची थट्टा होय.

खात्री न देता केवळ कागद रंगविले की काय होते, हे जैवविविधता कायद्याने दाखविले आहे. २००२ च्या या कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही करावयाची होती. वर्षानुवर्षे काम रेंगाळले. मग हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दंडाची तंबी दिली आणि देशभर अडीच लाखांहून अधिक समित्या कागदोपत्री उभ्या राहिल्या. घाईने भरलेल्या वहीत झाडांची नावे येतात. ते झाड तोडावे की राखावे हे कोण ठरविणार, याचे उत्तर येत नाही.

दुसरीही बाजू झाकून ठेवता कामा नये. महाराष्ट्रातील वाघांची अंदाजित संख्या २०१८ साली ३१२ होती, ती २०२२ साली ४४४ झाली. हे यश खरे. पण त्याची किंमत चंद्रपूर-गडचिरोलीत मोहफुले आणि सरपण गोळा करायला गेलेली माणसे प्राण देऊन मोजतात. पर्यटनाचा नफा एकाला आणि मरण दुसऱ्याला, ही विभागणी न्यायाची नव्हे, आणि अन्यायावर उभे राहिलेले संरक्षण टिकाऊही नव्हे.

गावाविषयी भाबडेपणा नको, हेही खरे. जेथे जातीची उतरंड घट्ट आहे, स्त्रियांना सभेत तोंड उघडता येत नाही, तेथे गावाचा हक्क म्हणजे चार बड्या घरांचा हक्क होण्याचा धोका असतो. म्हणूनच हे काम कायद्यावर सोपवून भागणार नाही. सामूहिक हक्काचे दावे गावोगाव भरून घेणे, मंजूर झालेल्या दाव्यांच्या व्यवस्थापनाचे आराखडे ग्रामसभेकडून करवून घेणे, तिचे हिशेब उघड्यावर वाचले जातील हे पाहणे आणि भूमिहीनांना व स्त्रियांना त्या सभेत बोलते करणे, हे कार्यकर्त्याचे काम आहे. समता आणि निसर्गरक्षण या दोन वेगळ्या चळवळी नाहीत. राखणीचा भार ज्याच्या खांद्यावर, निर्णयाचा अधिकार त्याच्या हाती, एवढे सूत्र पक्के धरले तर रानही राहील आणि रानातला माणूसही.