पत कुणाच्या चोपडीत?

(फलटण येथील वसंतातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



२०२५ च्या फेब्रुवारीत एक बातमी वाचली असेल तुम्ही. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला एक लग्न ठरत आलं होतं. दोन्हीकडची पसंती झाली होती. तेवढ्यात मुलीच्या मामांनी मुलाचा सिबिल स्कोअर बघायला मागितला. स्कोअर बघितला आणि लग्न मोडलं. आपण हसलो, बातमी एकमेकांना पाठवली. पण मी कर्ज विभागाच्या टेबलामागे आयुष्य काढलेला माणूस. मला हसता हसता एक गोष्ट खटकली. मुलाची पत लिहिलेली चोपडी मामांना दिसली. मुलाने ती कधी पाहिली होती का?

आजचं माझं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

‘पत’ हा आपला जुना शब्द. पतपेढी, पतसंस्था, पत राखणं, पत जाणं. पत म्हणजे तुमच्या माघारी चारचौघं तुमच्याविषयी काय बोलतात ते. आता ते बोलणं तीन आकड्यांत बसवलंय. सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली, २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत, पण आपल्याकडे चौघींनाही ‘सिबिल’च म्हणतात. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. हप्ते वेळेवर भरले का, क्रेडिट कार्डाची मर्यादा किती वापरली, थोड्या दिवसांत किती ठिकाणी कर्ज मागितलं, यावर तो ठरतो. तुमची कमाई किती, हे त्यात धरत नाहीत. तुमची बचत किती, तेही नाही. उधारी घेऊन फेडली की नाही आणि ती फेड कुठे नोंदली गेली की नाही, एवढंच.

‘नोंदली गेली की नाही’ इथेच खरी मेख आहे.

माझ्याकडे एकदा एक दूधवाले गृहस्थ आले. घरी सहा म्हशी, दर दहा दिवसांनी दुधाचं बिल. गावच्या पतसंस्थेतून म्हशींसाठी तीनदा कर्ज काढलेलं, तिन्ही वेळा मुदतीच्या आधी फेडलेलं. आता दोन खोल्यांचं पक्कं घर बांधायचं होतं. मी स्क्रीनवर बघितलं, स्कोअरच्या जागी ‘उणे एक’. त्यांनी वाकून वाचलं आणि विचारलं, “साहेब, उणे म्हणजे? मी कुणाचं देणं लागतो का?”

उणे एक म्हणजे कर्जाचा इतिहासच नाही. पतसंस्थेतली बरीचशी फेड या कंपन्यांपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे ज्या माणसाने आयुष्यात एक हप्ता चुकवला नाही, तो यंत्राच्या लेखी कोराच राहिला. आमच्या बँकेने त्यांची फाईल परत केली. शेवटी एका खासगी गृहकर्ज कंपनीने चढ्या व्याजाने कर्ज दिलं. ते त्यांनी घेतलं, कारण पावसाळा तोंडावर होता.

पगारदाराला स्लिप असते. आपल्या भागात पैसा वेगळ्या वेळापत्रकाने येतो. उसाचं बिल हंगामाप्रमाणे, दुधाचं दहा दिवसांनी, गवंड्याची मजुरी शनिवारी. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जातो. माणूस बुडवा नसतो. त्याची तारीख जुळत नसते. चोपडीत मात्र ‘उशीर’ एवढंच लिहिलं जातं.

आणि जामीनदार! मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला सही देणं आपण नातं समजतो. मेव्हण्याचे हप्ते थकले की ती थकबाकी जामीनदाराच्याही अहवालात उभी राहते. पुष्कळांना हे कळतं ते स्वतःच्या घराची फाईल टेबलावर आल्यावर.

आता तुम्ही म्हणाल, जुना काळच बरा होता. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची, सांगली बँक १९१६ ची. मॅनेजर माणूस ओळखायचा, वडिलांचं नाव विचारायचा. पहिली २००६ साली आयडीबीआयमध्ये गेली, दुसरी २००७ साली आयसीआयसीआयमध्ये. त्यांच्याविषयी हळहळ मलाही आहे. पण टेबलाच्या आतल्या बाजूचं खरं सांगतो. मॅनेजर माणूस ओळखायचा हे बरोबर. पण कोणता माणूस? वाड्यातला, पेठेतला, कारखान्याच्या संचालकाची चिठ्ठी आणणारा. गावकुसाबाहेरच्याला, परगावातून आलेल्याला, एकट्या बाईला तो ओळखत नव्हता. स्कोअर आडनाव विचारत नाही, शिफारस मागत नाही. ओळखीची जागा नोंदीने घेतली, हे मी वाईट मानत नाही. माझी तक्रार एवढीच, की नोंद अर्धी आहे आणि ज्याची नोंद आहे त्याला ती वाचता येत नाही.

ही तक्रार आपल्या मुलखात दीडशे वर्षं जुनी आहे. इथून नीरा ओलांडून बारामतीला जा, पुढे सुपे लागतं. १२ मे १८७५ ला सुप्यात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. कर्जरोखे आणि चोपड्या काढून त्यांनी जाळल्या. निरक्षर कुणब्याला माहीत होतं, की आपल्याला बुडवतंय ते या कागदात लिहिलंय आणि आपल्याला ते वाचता येत नाही.

पुढे चौकशी समिती बसली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी होता. फलटण संस्थान असल्याने इथे तो थेट लागू नव्हता, पण शिवेपलीकडे होता. त्यातल्या दोन तरतुदी मला फार मोलाच्या वाटतात. एक, न्यायाधीशाने नुसता रोखा बघून निकाल द्यायचा नाही. रोख्यामागचा सगळा व्यवहार मुळापासून तपासायचा. दुसरी, ऋणकोने मागितलं तर सावकाराने पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक द्यायचं. म्हणजे चोपडी दोन्ही बाजूंनी वाचता यावी, हे कायद्याने १८७९ मध्ये मान्य केलं होतं.

आता घराच्या हिशेबाकडे येऊ. घर परवडणं म्हणजे हप्ता परवडणं, असं सगळे धरून चालतात. जाहिरातीतही हप्ताच मोठ्या अक्षरात असतो. माझा अनुभव असा, की सामान्य माणूस हप्त्यापाशी पोचायच्या आधी उंबऱ्यावरच अडतो.

समजा, फलटणमध्ये २५ लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं. म्हणजे अडीच लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क सहा टक्के धरू, दीड लाख. नोंदणी एक टक्का, २५ हजार; तिथे कमाल मर्यादा ३० हजारांची आहे. परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसलं तर जीएसटी एक टक्का, आणखी २५ हजार. झाले साडेचार लाख. वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, गहाणाच्या दस्ताचं मुद्रांक शुल्क, आणि ‘साहेब, हा विमा घ्यावाच लागतो’ म्हणून पुढे सरकवलेला फॉर्म. घराची किंमत दहा लाखांच्या वर असली, की मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च कर्जासाठीच्या किमतीत धरत नाहीत. हे पाच लाखांच्या घरातले पैसे रोख उभे करायचे. मग माणूस काय करतो? सोनं मोडतो, भिशी उचलतो, नाहीतर मोबाईलवरून वैयक्तिक कर्ज काढतो. ते कर्ज काढलं की स्कोअर हलतो आणि गृहकर्जाची पात्रता घटते. उंबरा ओलांडायला घेतलेली शिडीच पायात अडकते.

सरकारची मदत कुठे मिळते बघा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी दुसऱ्या टप्प्यात, सप्टेंबर २०२४ पासून, वार्षिक नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कुठेही पक्कं घर नसलेल्या कुटुंबाला व्याज अनुदान आहे. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच हप्त्यांत, कर्जखात्यावर. चांगली योजना आहे. पण हे पैसे कर्ज मिळाल्यावर येतात. अडचण कर्जाच्या आधीची आहे. महाराष्ट्रात घर एकट्या महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आपल्या उदाहरणात ते २५ हजार होतात, आणि ते उंबऱ्यावरच वाचतात. रक्कम लहान, पण जागा अचूक.

आता स्कोअरची किंमत. समजा, कमी स्कोअरमुळे व्याज एक टक्क्याने चढलं. २० लाखांचं कर्ज, २० वर्षं. आठ टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे १६,७३०. नऊ टक्क्यांनी सुमारे १७,९९५. फरक महिन्याला साडेबाराशेच्या वर, म्हणजे वीस वर्षांत तीन लाखांच्या पुढे. एका टक्क्यात उंबऱ्याची निम्म्याहून अधिक रक्कम गेली.

कमी स्कोअरवाल्याने जास्त भरावं का, हा वाद एकट्या आपल्याकडचा नाही. अमेरिकेत फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन संस्था बँकांकडून गृहकर्जं विकत घेतात. स्कोअर आणि स्वतःचा हिस्सा, या दोन्हींवरून ठरलेली फी सुरुवातीलाच लावतात. १ मे २०२३ पासून त्यांचा तक्ता बदलला. कमी स्कोअरवाल्यांची फी उतरली, बऱ्या स्कोअरच्या काहींची चढली. गदारोळ उठला, की नेटाने फेडणाऱ्याला दंड आणि बेफिकिराला बक्षीस! खरं तर सारखाच हिस्सा भरणाऱ्या दोघांत कमी स्कोअरवाला नव्या तक्त्यातही जास्तच भरत होता. दरी कमी झाली होती, एवढंच. पण विरोधकांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. फेडायची ऐपत न बघता कर्जं वाटली, की काय होतं हे त्याच देशाने २००८ मध्ये जगाला दाखवलं.

मला त्यातला एक धडा महत्त्वाचा वाटतो. तिथे निदान तक्ता छापलेला होता. कुणाला किती फी, हे समोर होतं म्हणून भांडता आलं. आपल्याकडे जोखमीचा भाव व्याजदराच्या पोटात असतो. एकाच काउंटरवर दोघांना दोन दर का, हे विचारायचं सुचतही नाही.

म्हणून शेवटी कामाचं सांगतो. लिहून घ्या.

प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा तुमचा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. घर घ्यायच्या सहा महिने आधी तो मागवा. फिटलेलं कर्ज चालू दिसतं का, न घेतलेलं कर्ज नावावर आहे का, जामीन कुठे अडकलाय का, बघा. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलंय आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने संसदेतही ते सांगितलं. माझ्या दूधवाल्यांच्या वेळी ही ओळ हाताशी असती, तर मी ती फाईलवर लाल शाईने लिहिली असती.

१ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जासोबत एक तथ्यपत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे आकार धरून वार्षिक खर्चाचा दर लिहायचा असतो, आणि ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायचं असतं. मराठीत मागा. त्यात न लिहिलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. बदलत्या व्याजाचं गृहकर्ज व्यक्तीच्या नावावर असेल तर आधी फेडल्याबद्दल दंड नाही. आणि कर्ज फिटलं की ३० दिवसांत घराची मूळ कागदपत्रं परत मिळाली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये तुमचे.

पतसंस्थांच्या संचालकांना एक विनंती. तुमच्या सभासदांची नेकी तुमच्या कपाटात पडून आहे. ती बाहेर पोचवायची वाट काढा. निदान फेडीचा स्वच्छ दाखला तरी द्या, म्हणजे कोऱ्या माणसाच्या हातात एक कागद राहील.

सुप्याच्या लोकांनी चोपड्या जाळल्या, कारण त्या वाचता येत नव्हत्या. आजची चोपडी जाळता येत नाही. पण मोबाईलवर दहा मिनिटांत वाचता येते. आज घरी गेल्यावर तेवढी दहा मिनिटं काढा. मामांच्या आधी आपण वाचलेली बरी.